धाकट्याचा जामीन, माझे पडदे

सोमवार

वकीलसाहेब म्हणाले, "ताई, रोज काय घडतं ते थोडक्यात लिहून ठेवत जा. उद्या कोर्टाने विचारलं तर सांगायला बरं." म्हणून लिहायला बसले. पण थोडक्यात मला जमत नाही आणि मनात आहे ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. तेव्हा ही वही कोर्टाला दाखवण्यासारखी राहणार नाही, हे आत्ताच सांगून टाकते.

तर आज मी धाकट्याला जामीन राहिले.

धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ. बिल्डर आहे. निदान लोक तसं समजत होते. कारण त्याने ज्यांना फ्लॅट विकले, त्यांचे फ्लॅट अजून आभाळातच आहेत. सरकारी वकील आज त्याची कुंडली वाचत होते. परदेशात दोन घरं, कुठल्याशा बेटावर खातं, बायकोमुलं उन्हाळ्यात 'फिरायला' गेली ती परत आलेलीच नाहीत. "साहेब, हा माणूस सकाळी सुटला तर संध्याकाळी देशात नसेल," ते म्हणाले. आणि खोटं काय सांगू, मला पटलं. हा लहानपणी केस कापायला नेलं तरी न्हाव्याच्या खुर्चीतून पळायचा. अर्धं डोकं भादरलेलं आणि हा गल्लीच्या टोकाला. धरून आणायची कोण? मीच.

न्यायाधीशांनी विचारलं, हमी कोण घेणार? धाकट्याचे तीन श्रीमंत मित्र ताडकन उभे राहिले. सरकारी वकील म्हणाले, हे तिघेही स्वतःच जामिनावर आहेत. तिघे खाली बसले. मग न्यायाधीश म्हणाले, "ज्याला गमवायला काही आहे असं कोणी यांच्या ओळखीत आहे का?" वकीलसाहेबांनी सगळीकडे नजर फिरवली आणि शेवटच्या बाकावर भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या माझ्याकडे बोट दाखवलं.

माझ्याकडे गमवायला माझं घर आहे. दोन खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आम्ही दोघांनी ते जमवलं. यांचे ओव्हरटाइम आणि माझ्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या पाळ्या त्या फरशीखाली गाडलेल्या आहेत. कोर्टाने सांगितलं, आरोपी बहिणीच्या घरी राहील, उंबरठा ओलांडणार नाही, पायात पट्टा असेल. पळाला तर बहिणीचं घर सरकारजमा. "समजलं ना बाई?" न्यायाधीशांनी विचारलं.

मी म्हटलं, "साहेब, तीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिलेत. समोरचा खरं बोलतोय की थापा मारतोय, मला आवाजावरून कळतं."

"उत्तम," न्यायाधीश म्हणाले आणि सही केली.

मी का हो म्हटलं? आई जाताना म्हणाली होती, याच्याकडे बघ. बाकी काही नाही. हे गेले तेव्हा धाकट्याने ड्रायव्हरच्या हाती फुलं पाठवली होती, स्वतः आला नव्हता. ते मी विसरलेले नाही.

मंगळवार

धाकटा आला. घरभर फिरला. फिरला म्हणजे आठ पावलं टाकली. मग म्हणाला, "छान आहे गं ताई. आणि दुसरी खोली कुठाय?"

"तू उभा आहेस ती दुसरी."

पोलिसांचा तंत्रज्ञ एक पेटी घेऊन आला. धाकट्याच्या पायातला पट्टा त्या पेटीशी बोलतो आणि पेटी पोलिसांशी. धाकटा दाराबाहेर गेला की पेटी चुगली करणार. पेटीला चालू प्लग हवा. आता माझ्या घरातल्या एका बोर्डावर फ्रिज, दुसऱ्यातून ठिणग्या उडतात आणि तिसरा कपड्यांच्या मशीनचा. तंत्रज्ञाने मशीनचा प्लग काढून पेटीचा लावला. "हा काढायचा नाही," म्हणाला.

मी म्हटलं, "आणि कपडे?"

तो म्हणाला, ते माझ्या खात्यात येत नाही.

गुरुवार

दोन दिवस वाट पाहिली. पण कपड्यांचा ढीग मला बघवत नाही. पेटीचा प्लग काढला, मशीनचा लावला. साबण घालते न घालते तोच चार पोलीस जिन्यावरून धडधडत वर. शेजारीण दार उघडून बसलीच. तिला खुर्ची तेवढी द्यायची राहिली होती.

धाकटा पलंगावर पाय हलवत पेपर वाचत होता. पोलिसांचा जीव भांड्यात पडला. त्यातला हवालदार धापा टाकत म्हणाला, "मावशी, हे काय?"

"धुणं."

त्याने कपाळावर हात मारला. मी पाणी दिलं. मग कळलं की त्याचाही एक फ्लॅट आहे धाकट्याकडे. "आठवा मजला," तो म्हणाला. "सध्या तिथे कावळे उडतात." धाकट्याने पेपर जरा वर धरला.

हवालदार भला माणूस. जाता जाता म्हणाला, "मावशी, दर धुण्याला चार माणसं तीन मजले चढली तर गुडघे जातील आमचे. असं करा, धुणं काढलं की मला फोन करा. मी ऑफिसात सांगतो, मावशींचं धुणं आहे. संपलं की पेटी लावा आणि परत फोन करा. तुमच्यावर भरवसा आहे म्हणून हं."

मला बरं वाटलं. रिटायर झाल्यापासून माझ्या फोनवर कोणाचं काही अडलेलं नव्हतं.

रविवार

धाकटा तोंड पाडून बसतो. उशी टणक, पंखा कुरकुरतो, चहा गोड. मी म्हटलं, "पोलीस कोठडीत कसा देत होते चहा?" तेव्हा निमूट कप तोंडाला लावला. बंगल्यात याला चार नोकर होते. इथे मी ताट उचलायला लावते. पहिल्या दिवशी ताट हातात धरून असा उभा होता, जणू हे ठेवायचं कुठे असतं हेच त्याला ठाऊक नाही.

केव्हा एकदा ही ब्याद जातेय असं झालंय. मात्र सकाळी दोन कप चहा टाकायची सवय किती लवकर लागते.

मंगळवार

आज नवल झालं. धाकटा आपणहून म्हणाला, "ताई, तुझं मशीन किती वेळ चालतं गं?"

"कपड्यांवर आहे. रोजचे असले तर लवकर. चादरी असल्या तर चांगलंच रेंगाळतं. जुनं आहे."

"मग चादरी काढ ना आज. किती मळल्यात."

मी बघतच राहिले. हा माणूस आयुष्यात स्वतःचा रुमाल धुवायला टाकत नव्हता! चादरी काढल्या, हवालदाराला फोन केला. धाकटा खिडकीशी उभा राहून खाली बघत होता, मधून मधून घड्याळाकडे. म्हटलं, घरात लक्ष लागायला लागलं याचं.

शुक्रवार

धुणं, धुणं, धुणं. चादरी झाल्या, उशांचे अभ्रे झाले, पायपुसणीसुद्धा. याला स्वच्छतेचं वेडच लागलंय. पंखाही पुसला त्याने. मी शेजारणीला मुद्दाम ऐकू जाईल असं म्हटलं, "बघ, माणूस कधीही सुधारू शकतो." ती म्हणाली, "हं." तिचं हं मला कधीच आवडलं नाही.

आज धाकट्याने मिशी काढली. केस काळे केले. अगदी शाळेतल्यासारखा दिसतो, मला भरून आलं. कानात काहीतरी घालून दिवसभर विचित्र आवाज काढत असतो. घसा धरला असेल म्हणून मिठाच्या गुळण्या दिल्या. तर म्हणाला, "नाही गं, परकी भाषा शिकतोय." म्हटलं शीक बाबा, रिकामपणापेक्षा बरं.

रविवार

खाली दोनतीन दिवस एक करडी गाडी उभी असते, काळ्या काचांची. कोणाकडे तरी पाहुणे आले असणार. ड्रायव्हर बिचारा आत बसून कंटाळतो. मी धाकट्याला म्हटलं, त्याला चहा नेऊन देऊ का? धाकट्याला असा ठसका लागला की पाठ चोळावी लागली.

बुधवार

आज मला उगीच कसंतरी झालं. भाजी निवडता निवडता मनात आलं, हा खरंच पळाला तर? मग मी या वयात कुठे जाऊ? पुतणीकडे? तिच्याकडे चार दिवस राहिले की पाचव्या दिवशी ती बसचं वेळापत्रक बोलून दाखवते. मी घराकडे बघितलं. खिडकीचा तो गज यांनी स्वतः रंगवलाय, ओघळ अजून दिसतो. भाजी बाजूला ठेवली.

मी सरळ विचारलं. मला आडून बोलता येत नाही.

"काय रे, पळणार नाहीस ना?"

"नाही गं ताई."

आवाज अगदी स्वच्छ. तीस वर्षांचा अनुभव आहे माझा, मला कळतं. माझा जीव हलका झाला. मग तो फरशीकडे बघत म्हणाला, "ताई, समज हे घर नसलं, तर मी तुला दुसरं घेऊन दिलं असतं. मोठं. बाग असलेलं. कुठेही."

"मला हेच हवंय," मी म्हटलं. "आणि तुझी घरं कुठे असतात ते हवालदाराला विचार."

तो हसला नाही. म्हणाला, "परवा मोठं धुणं काढू या का? पडदे, गोधड्या, सगळंच."

पडदे! आमचे हे गेल्यापासून पडदे उतरवलेच नव्हते. एकटीने स्टुलावर चढायची भीती वाटते. मी लगेच हो म्हटलं. भाऊ असावा तर असा.

शनिवार, हॉस्पिटलात

काल लिहिता आलं नाही. उजव्या घोट्याचं हाड मोडलंय. प्लॅस्टर आहे. पण हात धडधाकट आहेत, तेव्हा सगळं लिहिते.

सकाळी धाकट्याने स्टुलावर चढून पडदे काढून दिले. मी हवालदाराला फोन केला, "आज मोठं धुणं आहे हो, पडदे आहेत." तो म्हणाला, "सावकाश होऊ द्या मावशी." पहिली खेप झाल्यावर दुसरी मशीनमध्ये टाकली. ओल्या पडद्यांची बादली घेऊन मी गच्चीवर निघाले. धाकटा दारात उभा होता. म्हणाला, "ताई, सांभाळून जा हं." आणि एकदम वाकून माझ्या पाया पडला. मी म्हटलं, "अरे, पडदे वाळत घालायला चाललेय, काशीला नाही."

गच्चीच्या जिन्यात बादलीतलं पाणी सांडलं, पाय सटकला आणि मी पाच-सहा पायऱ्या बसत बसत खाली आले. बादली माझ्यावर, पडदे बादलीवर. जी काही किंचाळले म्हणता! एक्स्चेंजमध्ये म्हणायचे, हिचा आवाज फोनशिवायही ऐकू जातो.

शेजारीण हलली नाही. खालून मात्र कोणीतरी धावत वर येताना ऐकू आलं. बघते तो धाकटा. खालून कसा आला म्हणाल तर पळापळीत मलाही नीट कळलं नाही, बहुतेक मदतीला कोणाला बोलवायला गेला असेल. पण अंगात जाड कोट, पायात बूट! मी तशा कळांतही म्हटलं, "या उकाड्यात कोट?"

"थंडी वाजतेय," म्हणाला. आणि घामाने निथळत होता. ताप असणार.

त्याने मला पाठुंगळीला घेतलं. तीन मजले! पन्नाशी उलटलेला माणूस, दर मजल्याला "आई गं" म्हणत होता, हाड माझं मोडलेलं असून. खाली ती करडी गाडी दार उघडून उभीच होती. देवासारखी. त्याने मला मागे झोपवलं आणि शेजारी बसला.

ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, या कोण? बोट सुटेल—"

"हॉस्पिटल."

"पण साहेब, ते लोक तिथे थांबणार नाहीत. आजची वेळ गेली तर पुन्हा—"

"हॉस्पिटल म्हणालो ना!" धाकटा असा ओरडला की माझी कळ क्षणभर थांबली. बिचाऱ्या ड्रायव्हरला पाहुण्यांना बोटीवर सोडायचं असणार. आमच्यापायी त्यांची बोट चुकली, मला फार वाईट वाटलं. मी तसं म्हटलंसुद्धा. धाकटा काही बोलला नाही. माझा हात धरून खिडकीबाहेर बघत होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी म्हटलं, "अरे वेड्या, घोटा मोडलाय, मेले नाही मी."

इकडे घरी काय झालं ते हवालदाराने नंतर सांगितलं. धुणं संपल्याचा फोन येईना म्हणून तो आला. दार सताड उघडं, मशीन एकटंच गरगर फिरतंय, घरात चिटपाखरू नाही. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. नोकरी डोळ्यांपुढे, आठवा मजला डोळ्यांपुढे. कळवावं तर लागणारच. थोड्या वेळात टीव्हीवर सुरू, 'बडा बिल्डर फरार, विमानतळावर पहारा'. हॉस्पिटलात बाकड्याच्या वर टीव्ही होता. त्यात धाकट्याचा मिशीवाला फोटो आणि बरोब्बर त्याखाली बिनमिशीचा धाकटा माझ्या चपला मांडीवर घेऊन बसलेला. लोक टीव्हीकडे बघून त्याला शिव्या देत होते आणि त्यालाच म्हणत होते, "जरा सरकता का?"

शेवटी धाकट्यानेच नर्सचा फोन मागून हवालदाराला लावला. मी स्ट्रेचरवर होते, पलीकडचा आवाज मला साफ ऐकू आला.

"हवालदार, मी बोलतोय. हाडांच्या दवाखान्यात आहे."

"कुठल्या देशातल्या?" हवालदार रडवेला होऊन म्हणाला.

तो आला. धाकट्याचा कोट बघितला, बूट बघितले, गाडीतून आणलेली बॅग उघडून बघितली. मग धाकट्याकडे बघितलं. धाकट्याने मान खाली घातली. मग हवालदार मला म्हणाला, "मावशी, दुखतंय का फार?" आणि त्याचाच आवाज कापत होता. माझ्यासाठी इतकं वाटलं त्याला.

सोमवार

जामीन रद्द करा असा सरकारचा अर्ज आला आहे. धाकट्याला नेलंय. मला काल घरी आणून सोडलं. शेजारीण जेवण देऊन गेली. सकाळी उठून लंगडत चहा टाकला आणि बघते तो दोन कप.

घर जाणार का, हे वकीलसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "बघू." वकिलाचं बघू म्हणजे शेजारणीचं हं. झोप नाही.

गुरुवार

कोर्टात व्हीलचेअरवरून गेले. सरकारी वकिलांनी ती बॅग टेबलावर उघडली. लोकरीचे कपडे, मफलर, हातमोजे, दाढीचं सामान. "साहेब, गाडी तयार, बॅग तयार, मिशी काढलेली. आणखी काय पुरावा हवा?"

वकीलसाहेब माझ्याकडे बघत होते. मला राहवेना. मी हात वर केला. न्यायाधीश म्हणाले, "बोला."

"साहेब, ती बॅग माझ्यासाठी आहे."

"तुमच्यासाठी?"

"मला ॲडमिट करतील म्हणून त्याने एवढ्या घाईतही बॅग भरली. आपल्याला सुचलं असतं का? मला तर तिथे पडल्यावर कळलं की टॉवेलही आणलेला नाही."

"यात पुरुषांचे कपडे आहेत, बाई."

"सोबत रात्री कोण राहणार होतं मग? तोच ना?"

"आणि हातमोजे?"

"साहेब, त्या हॉस्पिटलच्या एसीत एकदा झोपून बघा."

सगळं कोर्ट हसलं. सरकारी वकीलही रुमाल तोंडाला लावून खोकले. हसण्यासारखं काय होतं कोण जाणे. न्यायाधीश मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि धाकट्याला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय? खरं ते सांगा."

धाकटा उभा राहिला. वकीलसाहेब मानेने नाही नाही करत होते. तो म्हणाला, "साहेब, बॅगेबद्दल ताईला जे वाटतंय, तसं व्हायला मला थोडा उशीर झाला."

मला काही अर्थ लागला नाही. पण वकीलसाहेबांनी डोळेच मिटून घेतले.

मग न्यायाधीश बराच वेळ बोलले. सगळं नाही कळलं, पण हे कळलं. "गाडी होती, रस्ता मोकळा होता, पेटी बंद होती. जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत हा माणूस पळून जाणाराच होता. त्यानंतर तो वर गेला. आणि सापडला तो हाडांच्या दवाखान्यात, स्वतः फोन करून." पळणारा होता म्हणे! मोठ्या लोकांनाही गैरसमज होतात. वकीलसाहेबांनी विनंती केली, आता आरोपीला त्याच्या बंगल्यात राहू द्यावं, तिथे पहारा ठेवता येईल. धाकटाच म्हणाला, "नको साहेब. बंगल्यातून मी पळेन."

न्यायाधीशांनी मला विचारलं, "बाई, पुन्हा जामीन राहाल? घर पुन्हा पणाला लागेल. नीट विचार करा."

मी विचार केला. म्हणजे केल्यासारखं दाखवलं. खरं सांगते, मला आनंद झाला होता. प्लॅस्टर निघेपर्यंत बादली कोण उचलणार, एवढंच डोक्यात होतं. मी म्हटलं, "राहते. पण कपडे वाळत तो घालेल."

"गच्ची उंबरठ्याबाहेर येते," सरकारी वकील म्हणाले.

"हवालदाराबरोबर जाईल," न्यायाधीश म्हणाले आणि सही केली.

रविवार

धाकटा घरी. आल्याबरोबर ताट कुठे ठेवायचं असतं ते बरोबर आठवलं त्याला. माझ्या पायात प्लॅस्टर, त्याच्या पायात पट्टा. दोघं दोन पलंगांवर पाय लांब करून बसतो. मिशीही वाढवतोय पुन्हा.

हवालदार रोज येतो, दोघं गच्चीवर कपडे घालतात. आज धाकटा त्याला विचारत होता, "तुमच्या फ्लॅटला खिडकी कुठल्या बाजूला हवी?" हवालदार म्हणाला, "साहेब, आधी भिंत येऊ द्या." मग धाकट्याने फोन करून कोणा इंजिनिअरला अशी काही झाडाझडती घेतली की शेजारीण कान टवकारून दारात उभी.

बुधवार

आज धाकट्याने हट्टाने इलेक्ट्रिशियन बोलावला. भिंत फोडून पेटीसाठी नवा बोर्ड बसवून घेतला. त्याला बटणसुद्धा ठेवू दिलं नाही. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "अहो, बंद करायची सोय तरी हवी ना?"

"नको," धाकटा म्हणाला. "अजिबात नको. वायर भिंतीतून आत घ्या." हवालदार बाजूला उभा राहून बघत होता. त्याने स्वतः पक्कड धरून मदत केली.

मशीनला आता जुना बोर्ड मोकळा. वाटेल तेव्हा धुवावं, वाटेल तितकं धुवावं, कोणाला फोन करायला नको. एवढी सोय झाली म्हणून मी कौतुकाने म्हटलं, "चल, पुन्हा पडदे काढू या."

तर म्हणतो कसा, "राहू दे गं ताई, कुठे मळलेत."

आहे की नाही! मेल्याचं स्वच्छतेचं वेड चार दिवसांचं.